आमच्या घरातला चान्स

‘चान्स’ हा शब्द आमच्या घरात माझ्याआधी आला. अव्वानं तो दवाखान्यातून आणला.

अव्वा म्हणजे आमची आई. आम्ही मूळचे निलंग्याकडचे लिंगायत. कानडी मुलूख तिथून जवळ, त्यामुळे आईला अव्वा, वडलांना अप्पा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची आमच्यात रीत होती. अप्पा एसटीत ड्रायव्हर होते आणि आम्ही लातूरला गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं दोन खोल्यांत राहायचो. लातूर तेव्हा नुसतं तालुक्याचं गाव होतं. कोर्टकचेरीचं काही काम निघालं की लोक उस्मानाबादची गाडी धरायचे.

अव्वाला पहिली अक्का झाली. तिच्यामागं मुलगा झाला, पण चालायला लागायच्या आत तापानं गेला. त्यानंतर मधली बहीण. मग बरीच वर्षं काही नाही. गेलेल्या मुलाचं झबलं अव्वानं पेटीच्या तळाशी ठेवलं होतं आणि ते कुणाला काढू द्यायची नाही, असं अक्का सांगते. मी नसतानाच्या या सगळ्या गोष्टी मला अक्कानंच सांगितल्या.

पाऊस दुसऱ्या सालीही आला नव्हता. विहिरींना तळ लागला होता. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरी थापताना अव्वाचे हात लाल व्हायचे आणि भाकरी तव्यावर मोडायची. त्या दिवसांत एकदा अव्वाची कंबर फार धरली म्हणून अक्का तिला दवाखान्यात घेऊन गेली. अक्का तेव्हा बारा वर्षांची, सातवीत. नर्सबाई केरळकडच्या होत्या, मराठी तोडकंमोडकं बोलायच्या. त्यांनी अव्वाला मुलं किती विचारली. दोन मुली म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग काय करणार? ऑपरेशन करणार, की चान्स घेणार?”

अव्वाला वाटलं, कंबरेवर दोन उपाय आहेत. एक ऑपरेशन आणि दुसरं पिण्याचं औषध.

“चान्सच द्या बाई,” ती म्हणाली. “पण लई कडू नको. मला उलटी होती.”

नर्सबाई हसल्या. त्यांनी आत जाऊन दुसऱ्या नर्सला सांगितलं, तीही हसत बाहेर आली. बाकावर बसलेल्या बायकांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. अव्वा स्वतःही हसायला लागली, कारण सगळेच हसत होते. अक्का मात्र हसली नाही. पाचवीपासून इंग्रजी होतं तिला, वर्गात पहिली असायची. परत येताना रस्त्यात अव्वानं विचारलं, “काय गं, काय चुकलं माझं?”

“चान्स म्हणजे औषध न्हाई, अव्वा. चान्स म्हणजे अजून एकदा बघायचं.”

“बघायचं म्हंजे?”

“पोरगा होतोय का ते.”

अव्वा पदर सावरत पुढं चालायला लागली. बारा वर्षांच्या मुलीनं आईला हे समजावून सांगायचं, याची अक्काला तेव्हा लाज वाटली होती. आईची लाज नाही, त्या शब्दाची.

पण शब्द घरात आला तो राहिलाच. औशाहून आत्या आली, अप्पांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, बोलायला तिखट. तिनं तो लगेच उचलला. “घे की गं एक चान्स. वय काय गेलंय का तुझं?” शेजारणी म्हणाल्या, घ्या एक चान्स. डेपोतले लोक अप्पांना म्हणायचे, एक चान्स घ्या, मग बंद करा. अप्पा म्हणायचे, “मला पोरी बास हायत.” पण हे ते इतकं हळू म्हणायचे की पुढच्याला ऐकू जायचं नाही. आणि खरं सांगायचं तर कुणी अव्वाच्या मागं लागलं म्हणूनच ती तयार झाली, असंही नाही. तिला स्वतःला मुलगा हवा होता. गेलेला परत यावा, असं काहीतरी तिच्या मनात असणार.

त्या चान्सची मी.

चैत्राच्या उन्हात माझा जन्म झाला. सुईणीनं पाणी मागितलं तेव्हा घरात पिण्यापुरतंच होतं. अक्का घागर घेऊन गोलाईच्या चौकापलीकडच्या एका ओळखीच्या घरी गेली आणि त्यांच्या आडातून तळाचं गढूळ पाणी शेंदून, फडक्यातून गाळून घेऊन आली. तोवर मी झाले होते. दुपारच्या गाडीनं आत्या खारीक-खोबरं घेऊन आली आणि तिनं दारातच विचारलं, “काय झालं?”

“बहीण झाली,” अक्का म्हणाली.

आत्यानं पिशवी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. “म्हंजे चान्स गेला,” ती म्हणाली.

आत्या वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. ती तेव्हा दोन महिने राहिली, मिलोच्या भाकरी न मोडता थापायची युक्ती तिनंच काढली आणि अव्वाला जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. फक्त माझ्या बारशाला तिनं हट्ट धरला की पोरीचं नाव साकू ठेवायचं. साकू म्हणजे कानडीत ‘पुरे’. असं नाव ठेवलं की पुढची मुलगी होत नाही, अशी तिकडची समजूत. पाळण्याभोवतीच्या बायकांनी अव्वाकडं बघितलं. अव्वा पाळण्याची दोरी ओढत राहिली. अक्काच पुढं झाली आणि म्हणाली, “साकू नको. तिला उद्या शाळेत हाक मारतील की.” आणि तिनं माझ्या कानात दुसरंच नाव सांगून टाकलं. तेच आजवर चाललंय.

जूनमध्ये शाळा उघडली. अव्वा अशक्त होती, तिला अंगावर दूध नव्हतं. अप्पांची गाडी मुक्कामी असायची, ते एक दिवस आड घरी. पाण्याला सकाळ-संध्याकाळ जावं लागायचं आणि मला सतत कुणीतरी धरावं लागायचं. अक्का शाळेत गेली नाही. आठवडाभरानं मुख्याध्यापिका बाई स्वतः घरी आल्या.

“मुलगी हुशार आहे,” त्या अव्वाला म्हणाल्या. “हिला घरी बसवू नका.”

“एवढं साल जाऊ द्या बाई,” अव्वा म्हणाली. “पुढच्या साली पाठवते.”

अव्वा खोटं बोलत नव्हती. तिला पाठवायचंच होतं. पुढच्या साली मधलीला शाळेत घालायचं निघालं, मग मला गोवर निघाला, मग अक्का मोठी झाली. पुढचं साल आलंच नाही.

मला आठवतं तेव्हापासून मी अक्काच्या कडेवर आहे. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला घागर. हापशावर बायकांची गर्दी असायची. त्यातली एखादी माझा गाल ओढून विचारायची, “हीच का गं ती, अव्वाचा चान्स?” मला ते बक्षिसासारखं काहीतरी वाटायचं. मी जोरात हो म्हणायची. शाळेत जायला लागले तेव्हा वर्गातल्या एका मुलीनं मला त्याचा अर्थ सांगितला. तिच्या आईनं तिला सांगितला होता. मी घरी आले. अक्का डाळ निवडत बसली होती.

“अक्का, मी चान्स होते का?”

तिनं हात थांबवला नाही. “कोण म्हणालं?”

“खरं सांग.”

“आपण सगळीच चान्स असतो की गं. तू होशील का न्हाई, कशी होशील, कुणाला ठाऊक होतं? झालीस.” मग थोडं थांबून म्हणाली, “मला तर तूच पाहिजे होतीस. मधलीचं माझ्याशी जमत न्हाई.”

मधली तिथंच बसून पाटीवर लिहीत होती. ती म्हणाली, “ऐकू येतंय मला.” आम्ही तिघी हसलो. माझं रडं तिथंच राहिलं.

अक्काचं लग्न नांदेडला झालं. मुलगा गिरणीत कामाला, घर स्वतःचं, आई-वडील देवभोळे. अप्पा लातूर-नांदेड गाडी चालवायचे, म्हणून त्यांना ते स्थळ फार सोयीचं वाटलं. लेक डोळ्यांसमोर राहील, म्हणाले. आणि खरंच तिकडं मुक्काम पडला की ते तिच्या घरी जाऊन भाकरी खाऊन यायचे. सुटीत मीही त्यांच्याबरोबर जायची. अक्काच्या घरून गोदावरी जवळ होती. लातूरच्या आम्हा पोरींना इतकं पाणी एका जागी बघायची सवय नव्हती. मी घाटावर बसून नुसती बघत राहायची.

दोन वर्षं झाली तरी अक्काला मूल झालं नाही. सासू तिला बाईडॉक्टरकडं घेऊन गेली. मी तेव्हा सुटीला तिथं होते, मलाही नेलं. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाल्या, “चान्स कमी आहे. पण नाहीच असं म्हणता येणार नाही. मिस्टरांना पण एकदा तपासायला पाठवा.”

सासूनं विचारलं, “कमी म्हंजे किती कमी?”

डॉक्टर म्हणाल्या, “ते कसं सांगणार?”

बाहेर पडल्यावर सासू स्वतःशीच म्हणाली, “चान्स कमी.” डॉक्टरांचं पुढचं वाक्य तिनं आतच सोडून दिलं होतं. मिस्टरांना कुणी तपासायला पाठवलं नाही. अक्कानं एकदा विषय काढला, तर दोन दिवस घरात तिच्याशी कुणी बोललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी अप्पांबरोबर गेले तेव्हा तिच्या घरात चटया अंथरल्या होत्या आणि चार-दोन वडीलधारे बसले होते. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नासाठी देगलूरकडची नात्यातली एक मुलगी बघून ठेवली होती. सगळं ठरल्यावर अप्पांना सांगायचं, असं त्यांचं चाललेलं होतं. अप्पा खाकी कपड्यांतच उंबऱ्याजवळ बसले. सासू गोड बोलत होती.

“तुमच्या लेकीला आम्ही काढून देत न्हाई बरं का. राहू द्या की दोघी. घरात काम काय कमी हाय? बहिणी-बहिणीवानी राहतील.”

नवरा खाली मान घालून चटईची काडी मोडत होता. मला तो आवडायचा. मला सायकलवर बसवून नदीला न्यायचा. त्यानं एकदाही वर बघितलं नाही.

अप्पांनी अक्काकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “तू काय म्हणतीस?” त्यांनी विचारलं.

अक्का म्हणाली, “अप्पा, तुमची गाडी किती वाजता सुटती?”

सासू म्हणाली, “अगं, तुला जा कोण म्हणलालंय?”

“कुणी न्हाई,” अक्का म्हणाली आणि आत जाऊन तिनं पत्र्याची ट्रंक भरायला घेतली. लग्नात अप्पांनी दिलेली भांडी तिनं घेतली नाहीत. साड्या घेतल्या, आणि मोठा आरसा होता तो घेतला. तो मी मांडीवर धरून नांदेडच्या स्टँडपर्यंत रिक्षात आणला.

आपल्या लेकीला सासरहून परत आणायची गाडी बापानंच चालवायची, असा तो दिवस होता. ड्रायव्हरच्या मागच्या बाकड्यावर मी आणि अक्का बसलो. कंडक्टरकाका आमच्या घरच्यासारखेच होते. ट्रंक बघितली, आरसा बघितला, अक्काकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता पुढं गेले. गाडी सुटली. लोहा मागं पडलं. बाहेर वैशाखाचं ऊन, काळ्या रानाला भेगा, झाडं नाहीत. रस्ता रिकामा होता, समोर ना बैलगाडी ना जनावर, पण अप्पा सारखे हॉर्न वाजवत होते. मागून एक म्हातारा ओरडला, “ओ ड्रायव्हर, कुणाला वाजवलालाव?” अप्पांनी पुन्हा वाजवला. गाडीच्या आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. हॉर्न वाजला की त्यांच्या घशातला आवाज ऐकू यायचा नाही.

अहमदपूरला गाडी थांबली. अप्पा स्वतः चहा घेऊन आले, खिडकीतून अक्काच्या हातात कप दिला आणि खाली उभे राहून म्हणाले, “माझंच चुकलं. जवळचं स्थळ म्हणून भुललो.”

“अप्पा, तुम्ही पण घ्या की चहा,” अक्का म्हणाली.

“मी काय म्हणलालो, तू ऐकलीस का?”

“ऐकले. घ्या.”

त्यांनी तिथंच उभ्यानं चहा घेतला. पुढं लातूरपर्यंत हॉर्न वाजला नाही.

अव्वानं ट्रंक बघितली आणि विचारलं, “जेवलीस का?” ती रडेल असं मला वाटलं होतं, पण नाही. पुढचे काही दिवस ती फक्त अक्काच्या आवडीचं करत राहिली. शेंगाची पोळी, दही-धपाटे, ज्या वस्तू आमच्याकडं सणाला व्हायच्या त्या. तिला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. आठवड्यानं औशाहून आत्या आली. “जावयाला अजून एखादा चान्स द्यायचा होतास की गं,” ती म्हणाली.

“त्यांनीच घेतलाय की, आत्या,” अक्का म्हणाली. “देगलूरची पोरगी हाय.”

आत्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग तिनं अक्काला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आत्यानं कुणाला असं केलेलं मी तेवढंच बघितलं.

त्यानंतर लातूर जिल्हा झालं. गोलाईला रोषणाई झाली, पेढे वाटले, लोक गुलाल लावून फिरत होते. पाण्याची ओरड होतीच, पण त्या दिवशी कुणी ती काढली नाही. पाठोपाठ नवी ऑफिसं आली. त्यांना इमारती नव्हत्या. दुकानांवरच्या माड्या भाड्यानं घेऊन तिथं टेबलं मांडली गेली, अन् रंग ओला असलेले बोर्ड दारावर टांगले गेले. बाहेरगावचे साहेब खोल्या शोधत फिरायचे. टायपिंगच्या क्लासमध्ये उभं राहायला जागा मिळेना. आणि जिकडंतिकडं तोच शब्द. आता लातूरच्या पोरांना चान्स हाय. आता न्हाई तर कधी चान्स? आमच्या घरात जो शब्द आताशा कुणी मोठ्यानं उच्चारायचं नाही तो गावात पानाच्या ठेल्यावर सुद्धा चालला होता.

डेपोतले एक मित्र अप्पांना म्हणाले, “तुमची थोरली मॅट्रिक असती तर आज तिला चान्स होता.”

अप्पांनी घरी येऊन हे सहज सांगितलं. मधली तेव्हा दहावीत होती. जेवणं झाल्यावर अक्का तिला म्हणाली, “तुझं इंग्रजीचं पुस्तक दे.”

“कामून?”

“वाचायला.”

मधलीनं तिच्याकडं बघितलं आणि सगळी पुस्तकं आणून तिच्या पुढ्यात ठेवली. इंग्रजी, गणित, भूगोल, सगळी. त्यांचं कधी जमायचं नाही, पण त्या वर्षी दोघी एका चिमणीसमोर बसून अभ्यास करत होत्या. मी अक्काची स्पेलिंगं घ्यायची. शेजारच्या गुरुजींकडून जाडजूड डिक्शनरी आणली होती. एकदा अक्कानं त्यात ‘चान्स’ काढला. संधी, संभव, योगायोग, दैव, असे शब्द एकाखाली एक होते. तिनं ते बोट ठेवून वाचले.

“अव्वा,” तिनं हाक मारली, “ह्यात पोरगा न्हाई गं कुठंच.”

अव्वा चुलीपाशी होती. “असंल दुसऱ्या पानावर,” ती म्हणाली. मग तिला स्वतःलाच हसू आलं. नर्सबाईंची गोष्ट तिनं त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सांगितली, कडू नको म्हणाली ते सुद्धा. सांगता सांगता शेवटी तिचे डोळे पुसायची वेळ आली, आणि ते हसण्यानं होतं की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही.

मधली पहिल्याच वेळी पास होऊन सुटली आणि कॉलेजात गेली. अक्का बाहेरून परीक्षेला बसली होती, तिचं गणित आणि इंग्रजी राहिलं. शेजारी म्हणाले, पहिला चान्स असाच जातो. दुसऱ्या चान्सला गणित निघालं. इंग्रजी तिसऱ्या चान्सला निघालं. निकालाच्या दिवशी अप्पांनी डेपोत पेढे वाटले. डेपोतल्या लोकांना वाटलं मधलीचा काहीतरी मोठा नंबर आला. “थोरलीचा हो, थोरलीचा,” अप्पा प्रत्येकाला सांगत होते.

बालवाडीच्या बायकांची भरती निघाली तेव्हा मी अक्काबरोबर गेले होते. माडीवरचं ऑफिस, जिन्यात रांग. टेबलामागचा कारकून सज्जन माणूस होता. त्यानं कागद बघितले, विचारपूस केली, आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, परित्यक्ता असल्याचा दाखला जोडा. अशा बायकांना आधी घेतात. तुमचा चान्स पक्का हाय.”

“परित्यक्ता म्हणजे?” अक्कानं विचारलं. अर्थ तिला माहीत असणार.

“नवऱ्यानं टाकलेली.”

“मला टाकलं न्हाई. ते राहा म्हणत होते. मीच आले.”

“अहो, तेच ते. कागदावर काय फरक पडतो?”

“मला पडतो,” अक्का म्हणाली. “मीच आले असा दाखला मिळतो का?”

कारकुनानं पेन खाली ठेवलं. तो चिडला नाही. “तसा काही न्हाई ताई,” तो म्हणाला. “असता तर मी दिला असता.”

अक्कानं कागद दाखल्याविनाच दिले. घरी हे कळलं तेव्हा अव्वा ओरडली. आमच्या घरात अव्वा कधी ओरडायची नाही.

“जिंदगीभर मी चान्स चान्स ऐकलं! माझा गेला, तुझा गेला. आता चालत दारात आलाय तर एका शब्दासाठी लाथाडतीस? टाकली म्हण की! काय होतंय म्हणाल्यानं?”

“अव्वा, त्या दिवशी सगळ्यांपुढं मी एवढंच एक केलंय,” अक्का म्हणाली. “तेवढं माझ्याकडं राहू दे.”

अव्वा चुलीकडं वळली. अप्पा खाटेवर बसले होते. “तिला न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हणू दे,” ते म्हणाले, आणि या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

ती जागा औशाकडच्या एका बाईला मिळाली. तिला खरोखरच टाकलेलं होतं आणि पदरात दोन लेकरं होती. अक्काला कळलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं.” पण दोन-तीन दिवस ती फारशी जेवली नाही. ठाम राहणं आणि वाईट वाटणं दोन्ही तिला एकदमच होत होतं, असं मला आता वाटतं.

वर्षभरानं मुरुडच्या पलीकडं एका लहान गावात जागा निघाली. तिथं कुणी जायला तयार नव्हतं. गावात गाडी येत नव्हती, फाट्यावरून चालत जावं लागायचं आणि हापशाला तासतासभर पाणी लागायचं नाही. राहायला तिथंच हवं, एवढीच अट होती. अक्का गेली. पहिल्या महिन्यात मारुतीच्या पारावर बसून पाच-सहा लेकरांना गाणी शिकवली. गावातल्या बायकांनी तिच्या घरचं सगळं विचारून घेतलं आणि मग पुन्हा कधी विचारलं नाही. पोरं वाढली, खोली मिळाली, पोषण आहाराचा डबा आला. काही वर्षांनी तिनं तिथंच दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या.

अप्पा गेले तेव्हा मी नांदेडला नोकरीला होते आणि मधली सोलापूरला. आम्ही दोघींनी अव्वाला आपापल्याकडं बोलावलं. अव्वा म्हणाली, “मी अक्काकडं जाते.” दोघींची तिथं रोज भांडणं व्हायची. चुलीत लाकूड कसं घालायचं, घागर कुठं ठेवायची, अशा गोष्टींवरून. मी गेले की दोघी माझ्याकडं तक्रारी करायच्या. अव्वा बालवाडीच्या दारात बसून लेकरांच्या चपला राखायची.

एकदा मी तिथं असताना एक तरुण बाई आली. गरोदर बायकांना बालवाडीतून पोषणाची सुकडी मिळायची, ती घ्यायला. अक्का आत होती. ती बाई अव्वाजवळ टेकली आणि म्हणाली, “आज्जी, दोन पोरी हायत. ही पण पोरगीच झाली तर अजून चान्स घ्यावा का हो?”

अव्वा लेकरांच्या चपला सरळ करत राहिली. अक्का दारात येऊन उभी राहिली होती, तीही ऐकत होती.

“मला नको विचारूस बाई,” अव्वा म्हणाली. “माझा एक पोरगा गेला. तीन पोरींनी मला काही कमी पडू दिलं न्हाई. पण तो मला अजून आठवतो. रोज न्हाई. पण आठवतो.” मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “तू अंगानं लई वाळलीस. आधी खा.”

अक्कानं त्या बाईच्या पदरात सुकडी घातली, नेहमीपेक्षा जरा जास्त.

अव्वा त्याच गावात गेली. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकली आणि गेली. आमच्यात पुरतात, म्हणून आम्ही पोचेपर्यंत गावकऱ्यांनी खड्डा काढून ठेवला होता. उन्हाळ्यातली जमीन दगडासारखी, पहारी लागल्या होत्या. क्रियाकर्माला आलेल्या जंगमांनी विचारलं, “मुलगा कोण?” गावातला एक म्हातारा पुढं झाला आणि म्हणाला, “आमच्या बाई हायत की.” जंगमांनी अक्काला पुढं बोलावलं. अक्कानं पदर खोचला आणि सगळं केलं. माती ढकलताना मधलीनं दुसऱ्या बाजूनं हात लावला.

अक्का आता निवृत्त झाली आहे. आम्ही तिला दर दिवाळीला विचारतो, आमच्याकडं ये म्हणून. मागच्या वेळी मी जरा जोर करून म्हणाले, “एकटी काय करतीस इथं? तिकडं दवाखाना जवळ, नळाला पाणी, मी आहे.”

“इथं मला सगळे बाई म्हणतात,” ती म्हणाली. “तिकडं आले तर मी तुझी बहीण.”

“बहीण असणं वाईट आहे का?”

“वाईट न्हाई गं. पण सकाळी उठून काय करायचं?” ती भाकरीचं पीठ मळत होती. “तू अजून एक दिवस राहा. उद्या बाजार हाय मुरुडला. मला चष्मा दाखवायचाय, एकटीला जमत न्हाई.”

मी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी फाट्यापर्यंत चालत गेलो. वाटेत प्रत्येक दारातून तिला कुणी ना कुणी विचारत होतं, बाई कुठं निघालात, आणि ती प्रत्येकाला थांबून सांगत होती.